एकूण नऊ

आचाओच्या बंदर कचेरीत एकच संगणक,
डोक्यावर लोकरीचं टोपरं, एदुविनानं विणलेलं,
त्याला थंडी वाजते म्हणे.
मी दाल्काउएहून पहिल्या फेरीनं आले,
पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, जो अशा कामात कधीच लागत नाही,
पण दिसला की लोकांना धीर येतो.

"बघ तूच," एदुविना म्हणाली.
बाण दाबला. यादी सरसर उघडली:
पाण्यात. धक्क्यावर. दुरुस्तीत. मोडीत.
"पाण्यात"वर टिचकी मारली.
यादी मिटली.
चौकटीत तेच: दुरुस्तीत.
पुन्हा उघडली, पुन्हा मिटली,
हो हो म्हणत मान डोलावणाऱ्या
आणि काडीही न हलवणाऱ्या माणसासारखी.

दाराशी बाकावर आर्तेमिओ रेमोल्कोय,
पोंचो ओला, नखांत डांबर.
चार वर्षं त्याची रोसाल्बा किनाऱ्यावर पालथी होती.
सायप्रसच्या सहा नव्या फळ्या,
फटींत अलेर्सेच्या सालीचा काथ्या.
काल भरतीला उतरवली. थेंबभरही गळली नाही.
"कागदोपत्री अजून आजारी आहे," तो म्हणाला,
"बरी झाली असं लिहिलेलं बघतो, मग जातो."

मी ओळखीची दारं ठोठावत सुटले.
रकाना कुलूपबंद? नाही.
फॉर्मला बदल मान्य? मान्य.
यादी कुठून येते? यावी तिथूनच.
वर एखादी पारदर्शक चौकट येऊन बसलीय का, तेही पाहिलं,
कारण केमचीला एकदा दोन दिवस
मी एका न दिसणाऱ्या खोक्यालाच टिचक्या मारत होते,
आणि तिथला कारकून मला कॉफी आणून देत होता,
दर वेळी जरा कमी साखरेची.
इथं तसंही नव्हतं.

एदुविनानं शेगडीवरून मिल्काओ उतरवला,
बटाट्याच्या त्या वाफेत पडदा धूसर झाला.
परतीची फेरी किती वाजता, म्हणून
पडद्याच्या तळाशी चिकटवलेली पिवळी चिठ्ठी वाचायला वाकले
तर ती ओलसर होऊन हातातच आली.
खाली एक करडी ओळ:
या नोंदी बदलता येणार नाहीत.

म्हणजे ते सांगत होतं.
प्रत्येक टिचकीला, न चिडता, तेच उत्तर.
आम्हीच त्याच्या तोंडावर वेळापत्रक चिकटवलं होतं.

मग क्वेरी उघडली.
गेल्या गुरुवारी यास्नानं, वार्षिक अहवालासाठी,
प्रत्येक होडीशेजारी तिच्या गावाची बेरीज आणून बसवली होती.
आचाओ, दुरुस्तीत: एकूण नऊ.
बेरीज शेजारी आली की ओळ दगड होते.
एक होडी हलली तर नऊचं काय करायचं
हे यंत्राला कळेना,
म्हणून त्यानं कुणालाच हलू दिलं नाही.
आणि नऊतली रोसाल्बा कुठली?
ते नऊला काय ठाऊक.

यास्ना कानापर्यंत लाल.
"मी फक्त मोजलं हो."
"मोज की," मी म्हटलं, "पण दुसऱ्या खोलीत."
बेरीज उचलून अहवालात नेऊन ठेवली, छापण्यापुरती.
फॉर्म पुन्हा होड्यांच्या मूळ तक्त्याशी जोडला.

एदुविनानं माउस आर्तेमिओच्या हाती दिला.
त्यानं तो जिवंत खेकडा धरावा तसा, मागून धरला.
बाण. यादी. टिचकी.
पाण्यात.

तो बघत राहिला. पुन्हा मिटून पूर्वीसारखं होईल म्हणून
बराच वेळ बघत राहिला.
मग टोपी घातली, आणि जाता जाता
त्या टोपऱ्यावर हलकेच थाप मारून गेला.

यास्ना छापलेल्या अहवालावर
नऊ खोडून पेनानं आठ लिहीत होती.
चिठ्ठी मी भिंतीवर डकवली, पडद्यापासून लांब.
अकरा चाळीसची फेरी चुकली होती.
मिल्काओ अजून कोमट होता.